नऊशे ऐंशी किलोमीटरवरचा सत्कार

पहाटे चार वाजता बारामतीत जागी असणारी माणसं म्हणजे एक दूधवाले आणि दुसरे साखर कारखान्याच्या पाळीवर निघालेले. त्या दिवशी त्यांत माझी भर पडली. डिसेंबरची थंडी होती. अंगावर जॅकेट, त्याच्या आत स्वेटर, त्याच्याही आत नवऱ्याचा जुना थर्मल, अशा गाठोड्यासारख्या अवतारात मी इंदापूर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मोटरसायकलशेजारी उभी होते. आमच्या मोटरसायकल क्लबचे एक गृहस्थ मफलर गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते निवृत्त पोस्टमास्तर. मी निघाल्याची वेळ बघायची आणि परतल्याची वेळ बघायची, एवढंच त्यांचं काम. पण चेहरा असा, की जणू मीच एखादं पार्सल आहे आणि ते पोचेल की नाही याची त्यांना शंका आहे.

क्लबचं आव्हान सांगायला सोपं होतं. हजार किलोमीटर, सोळा तासांत. इंदापूर, सोलापूर करत हैदराबाद ओलांडायचं, शहराच्या पलीकडच्या टोकाला ठरलेल्या पंपावर पेट्रोल भरायचं आणि रात्री आठच्या आत पुन्हा याच पंपावर, याच पोस्टमास्तरांसमोर येऊन उभं राहायचं. आठला एक मिनिट कमी असेल तर जमलं, एक मिनिट जास्त झालं तर नुसतीच सहल.

माझी ओळख करून द्यायची तर वय सत्तेचाळीस, बारामतीत रक्त तपासण्याची लॅब. नवरा सुहास जनावरांचा डॉक्टर. ‘ही दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी आमचं आटवते,’ असं तो पाहुण्यांना सांगतो. मोटरसायकल मी चाळिशी उलटल्यावर शिकले. दिवसभर मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्या बाईला लांबवर बघायला मिळतं ते या गाडीवरच, म्हणून ती मला फार प्यारी. आणि नेमकी तीच त्या दिवशी पणाला लागली होती.

झालं होतं असं, की गेल्या हिवाळ्यात याच वाटेवर उमरग्याजवळ बारीक खडीवरून घसरून मी कॉलरबोन मोडून घेतलं. सुहास तेव्हा परगावी होता. माझे सासरे तात्या आमच्या गावाहून, सणसरहून, जीप घेऊन उमरग्याच्या दवाखान्यात आले आणि मला घेऊन गेले. वाटेत गाडीचा विषय काढला नाही. हाड जुळलं, मी पुन्हा गाडीला हात लावला, तेव्हा मात्र त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

“आता येकदाच,” ते म्हणाले. “झालं तर झालं. न्हाय तर गाडी इकायची आन इषय सपला.”

मी हो म्हणाले. तात्यांना दिलेला शब्द आमच्या घरात कुणी परत घेत नाही. त्यांनी शेजारच्या अंथुर्णे गावातलं एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. त्या माणसाचा आठवड्यापूर्वीच सुहासला फोन येऊन गेला होता, गाडीचे टायर कसे आहेत म्हणून. मला आलेला राग मी त्या रात्री पोळ्या लाटण्यात काढला.

बारामती सोडली आणि उसाच्या वासात शिरले. हंगाम सुरू होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे चालला होता. मागे दिवा नाही की परावर्तक नाही. काळोखात आधी उसाची वाढी (उसाचे हिरवे शेंडे) दिसतात, मग ट्रॉली. सणसरच्या फाट्यावरून जाताना मी मुद्दाम हॉर्न वाजवला नाही, कारण आमचं घर रस्त्यापासून जवळ आहे आणि तात्यांची झोप सावध. निमगाव केतकीपाशी धुकं इतकं दाटलं, की हेल्मेटची काच वर करून थंडीने डोळ्यांतून पाणी गाळत गाडी चालवावी लागली. इंदापूरच्या एसटी स्टँडबाहेर शेकोटीभोवती ट्रकवाले बसले होते. त्यांच्याकडे हेव्याने बघत मी महामार्गाला लागले.

भीमेच्या पुलावरून उजनीचं पाणी नुसतं जाणवलं, दिसलं नाही. सोलापूरच्या अलीकडे सूर्य उगवला तो अगदी समोर, थेट डोळ्यांत. तरी मला इतकं बरं वाटलं, की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गाणं म्हटलं. हेल्मेटचा हा फार मोठा फायदा आहे.

पहिला थांबा सोलापूरच्या बाहेर. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, आदल्या दिवशी धपाटी आणि शेंगांची चटणी पाठवली होती. एक धपाटं उभ्या उभ्या खाल्लं. लांब पल्ल्याच्या गाडीवर पोटभर जेवायचं नसतं. जेवण झालं की डोळे मिटतात, आणि मिटलेले डोळे गाडीवर चालत नाहीत. पाणीही घोटघोटच प्यायचं, कारण बाईमाणसाला दर वेळी स्वच्छ जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. पुरुष प्रवासवर्णनकार ही माहिती देत नाहीत.

उमरगा आलं. मी घसरले होते ते खडीचं वळण आता छान डांबरी झालं होतं. मी तरी तिथून सायकलच्या वेगाने गेले. मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. तो पट्टा मागे पडला आणि खांद्यातला ताठा आपोआप सैल झाला.

पुढे कर्नाटकातली काळी रानं, तुरीची पिकं, मग जहीराबादला गरम इडली. तिथून हैदराबादपर्यंतचा रस्ता म्हणजे लोण्यासारखा, आणि हैदराबाद म्हणजे त्या लोण्यात पडलेली माशी. सिग्नल, उड्डाणपूल, बारा वाजताचं ऊन. ठरलेल्या पंपावर पोचले तेव्हा थर्मलला माझ्या नवऱ्यानेही ओळखलं नसतं. पेट्रोल भरणाऱ्या माणसाने गाडीचा नंबर वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

“अकेले आए क्या आंटी? डर नै लगता?”

मी म्हटलं, डर घर में छोडके आयी. तो हसला आणि त्याने टाकीवर पडलेले थेंब स्वतःच्या फडक्याने पुसले. खरं तर भीती मी घरी ठेवून आलेच होते, फक्त ती कुणाजवळ ठेवली होती याचा विचार तेव्हा केला नाही.

परतीच्या वाटेवर सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून नळदुर्गाच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. लांबच्या प्रवासाला निघणारे नवी वायर जुन्या वायरीच्या कडेनेच बांधून ठेवतात, तुटली की नुसती टोकं जोडायची. मीही ठेवली होती. पण घरी जे पाच मिनिटांचं काम वाटतं ते रस्त्याच्या कडेला, घामेजल्या बोटांनी, चांगलं अर्ध्या तासाचं होतं. स्क्रू गवतात पडला, मी गुडघ्यांवर बसून तो शोधला, आणि शोधताना अंथुर्ण्याच्या त्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता, जरी मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. स्क्रू सापडला. पण हाताशी राखून ठेवलेला वेळ तिथेच संपला.

इंदापुरात शिरले तेव्हा दिवस मावळला होता. स्टँडसमोर दोन घोट चहा घेतला. चहावाल्याने बारामतीकडे जायचंय म्हटल्यावर मान हलवली. त्या अंगाला ऊस लई हाय, जपून जावा, म्हणाला. पन्नास किलोमीटर आणि सव्वा तास हातात. दिवसा हा रस्ता मी तासाभरात कापते. काळोखात, उसाच्या ट्रॉल्यांमागून, जेमतेम जमेल असा हिशेब होता. अंग दगडासारखं झालं होतं, तळहात बधिर, पण मन आता नुसतं पंपाकडे लागलं होतं.

सणसरचा फाटा जवळ आला तशी मला हलगी ऐकू यायला लागली.

आधी वाटलं, कुणाची तरी वरात असेल. मग दिवे दिसले. मग रस्त्यावर आडवा लावलेला जेसीबी दिसला, आणि त्याचं बकेट झेंडूच्या पाकळ्यांनी काठोकाठ भरलेलं. आणि त्याच्या वर, दोन बांबूंच्या मधे ताणून बांधलेला फ्लेक्स. त्यावर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक नवरी होती. ती मीच होते, चोवीस वर्षांपूर्वीची. माझ्या लग्नातल्या फोटोतून सुहासला कापून काढलं होतं, पण त्याच्या उपरण्याचं टोक माझ्या खांद्यावर राहून गेलं होतं. खाली मजकूर: ‘हजार किलोमीटर एका दिवसात यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

माझे अजून वीस किलोमीटर राहिले होते.

हे सगळं संदीपभाऊजींचं काम. हे माझे चुलत दीर, गावातल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष. सकाळपासून सुहासच्या मोबाइलवरून माझा ठिकाणा त्यांच्याकडे जात होता, आणि वहिनी इंदापूर सोडून गावाकडे निघाल्या म्हटल्यावर त्यांनी जुळवाजुळव पुरी केली होती. त्यांचं गणित सरळ होतं. हैदराबादला गेलेलं माणूस गावात परत आलं म्हणजे पोचलं. बारामतीचा पंप ही त्यांच्या लेखी फक्त पेट्रोल भरायची जागा होती. मी गाडीवरूनच ओरडून सांगायचा प्रयत्न केला. हलगीपुढे माझं काय चालणार?

“वहिनी, उतरा की. पाचच मिंटं,” संदीपभाऊजी म्हणाले.

सत्काराची पाच मिनिटं काय असतात हे ज्याने आमच्याकडचा एक तरी सत्कार पाहिला आहे त्याला सांगायला नको. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, फेटा, मनोगत, आणि वेळेअभावी थोडक्यात बोलणारे चार जण. रस्त्याच्या कडेला मांडवच घातला होता. खुर्च्या, टेबलावर समई, माइक. आत्याबाई ताटात भाकरतुकडा (दृष्ट काढायला ओवाळून टाकायची भाकरी) घेऊन उभ्या होत्या. माझ्या मागे उसाचे चार ट्रॅक्टर अडकले होते आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून, कौतुकाने, मजा बघत होते. मला परत वळताही येत नव्हतं आणि पुढेही जाता येत नव्हतं.

चिडून उपयोग नव्हता. या सगळ्या माणसांनी आपली कामं टाकून, माझ्यासाठी, थंडीत उभं राहून हे केलं होतं. त्यातल्या कुणालाही ‘बाजूला व्हा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. डोळे भरून आले, आणि मंडळींना वाटलं मी भारावले. हलगीचा जोर वाढला.

मांडवात मधल्या खुर्चीवर तात्या बसले होते. डोक्यावर नवा कोरा फेटा. अध्यक्षीय भाषण त्यांचंच होतं. ते माझ्याकडे बघत होते. आठ वाजायची अट त्या गर्दीत मी सोडून फक्त एकाच माणसाला पाठ होती, कारण तिच्यावर त्यांची स्वतःची अट टेकलेली होती. आणि मला एकदम कळलं, की त्यांनी आता काहीच करायची गरज नाही. नुसतं बसून राहायचं. दिवा लागेल, भाषणं होतील, आठ वाजून जातील, गाडी अंथुर्ण्याला जाईल. कुणाला दोष नाही, कुणी वाईट नाही. एवढी सोपी संधी माझ्या हाती आली असती तर मी काय केलं असतं, मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

तात्या उठले. माइकपाशी गेले आणि त्यांनी हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली.

“मंडळी,” ते म्हणाले, “उसाचं वजन फडात हुत न्हाय, काट्यावर हुतं. हिचं आजून वीस किलोमीटर राह्यल्यात. आठाच्या आत बारामतीच्या पंपावर पोचली तर खरं, न्हाय तर ह्यो बोर्ड खोटा. जेसीबी मागं घ्या. खुर्च्या उचला.”

संदीपभाऊजी काहीतरी बोलायला गेले. सत्कार पंपावर करू, न्हाय पोचली तर सत्कारबी न्हाय, असं त्यांना सांगून तात्या माझ्या गाडीपाशी आले. हँडलवर हात ठेवला. 

“जा,” ते म्हणाले. “आन सावकाश जा.”

या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या ते त्यांनी सांगितलं नाही. जेसीबी मागे सरकताना बकेट कलंडलं आणि निम्म्या पाकळ्या माझ्यावर, निम्म्या मागच्या उसावर पडल्या. मी निघाले.

शेवटचे वीस किलोमीटर मला आयुष्यात विसरता येणार नाहीत. पुढे ट्रॉली आली, की ओलांडून जायला हात शिवशिवत. समोरून दिवे येत, मी पुन्हा मागे. एकदा तर अगदी निघालेच होते, पण तात्यांचं ‘सावकाश’ कानात होतं आणि मी ट्रॉलीमागे मुकाट्याने उसाच्या पाचटाचा मार खात राहिले. रस्ता मोकळा झाला तेवढाच पळवला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण बघून ते थांबत नाही.

पंपावर शिरले. पोस्टमास्तर उठून उभे राहिले, मनगट डोळ्यांजवळ नेलं, आणि फार वेळ बघत राहिले. मग म्हणाले, अजून तीन मिनिटं आहेत, बसा. मी बसले नाही. मी गाडीवरच, टाकीवर डोकं टेकून, तशीच राहिले. सुहास पळत आला. त्याने माझं हेल्मेट काढलं तेव्हा आतून झेंडूच्या पाकळ्या पडल्या आणि मी खूप दिवसांनी मोकळेपणाने, आवाज करून रडले. सुटले, हा एकच शब्द डोक्यात होता. लोकांना वाटतं अशा वेळी अभिमान वाटतो. मला काही अभिमान वाटला नाही. मला फक्त अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि भयंकर भूक लागली.

थोड्या वेळाने सणसरची मंडळी टेंपो आणि जीप भरून आली. फ्लेक्स बांबूंसकट आणला होता. समई मात्र पंपावर लावू दिली नाही, ते बरंच झालं. शाल आत्याबाईंनी घातली, आधी माझ्यावरून आणि मग गाडीवरूनही भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला. संदीपभाऊजींनी भाषण केलं आणि त्यात पोस्टमास्तरांचा उल्लेख ‘मुख्य न्यायाधीश’ असा केला. ते गृहस्थ लाजून गोरेमोरे झाले.

गर्दी पांगल्यावर तात्या माझ्याजवळ येऊन बसले. मी सुहासने आणलेली मिसळ खात होते. 

“तू हरावीस असं वाटत हुतं मला,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. गाडी जाईल आन माजं चित्त थाऱ्यावर यील, असं वाटत हुतं.”

मग मला थांबवलंत का नाही, मी विचारलं. नुसतं बसून राहिला असतात तरी झालं असतं.

“रस्त्यानं हरवली असती तर मी गप बसलो असतो. आपल्याच माणसांनी हरवायचं न्हाय.”

मग ते हळूहळू बाकीचं बोलले. त्यांच्याकडे साधा फोन, त्यावर माझा ठिकाणा येत नव्हता. संदीप मधूनमधून सांगायचा, पण ‘आल्या सोलापूरला’ म्हणजे सोलापूरला कुठे, बरी आहे का, जेवली का, हे त्याला कुठे ठाऊक? दुपारी जेवून तात्या जे फाट्यावर येऊन बसले ते तिथेच होते. मांडव त्यांच्याभोवती नंतर उभा राहिला. गेल्या हिवाळ्यात उमरग्याचा फोन आला तेव्हाही ते घरी एकटेच होते, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत, दोनशेहून जास्त किलोमीटर, मी जिवंत आहे की नाही हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. इतके महिने मी त्यांच्या अटीवर धुमसत होते. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढंच हलकंही.

गाडीचं काय, मी विचारलं. अंथुर्ण्याला नको म्हणून कळवतो, ते म्हणाले. मग उठता उठता त्यांनी नवी अट घातली.

“पोचलीस की फोन करायचा. सुहासला न्हाय. मला.”

त्याला आता काही दिवस झाले. अंगातला ताठा गेला, हाताच्या मुंग्या गेल्या. परवा लोणी भापकरला एका आजारी बाईंच्या रक्ताचा नमुना आणायला जायचं होतं. तासाभराचीसुद्धा वाट नाही, आणि मी गाडी काढली. तिथे पोचले, हेल्मेट काढलं, आणि त्या घराच्या ओट्यावर उभी राहून आधी सणसरला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“पोचले, तात्या.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

हजार किलोमीटर केल्यावर माझ्या हाती काय आलं असं क्लबातले नवे लोक विचारतात. त्यांना मी रस्ता, टायर, क्लचची वायर असलं काहीबाही सांगते. खरं सांगायचं तर कुठेही जाऊन पोचले की आता माझ्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी जीव भांड्यात पडतो, आणि तो पडल्याचा आवाज मला ऐकू येतो.